हात खराब नव्हता

‘पेशंटचा हातच खराब आहे, त्याला आम्ही काय करणार?’ सांगलीतल्या एका डायलिसिस सेंटरच्या मॅनेजरचं हे वाक्य मला अजून झोंबतं. आदल्या महिन्यापर्यंत ज्या हातात सुई एका टोचणीत बसत होती, तो हात अचानक खराब कसा झाला, एवढंच मी विचारत होतो.

माझ्या वडिलांना, आण्णांना, जुना मधुमेह. त्यातच किडन्या गेल्या. तासगावकडं आमची द्राक्षबाग आहे. हंगामाच्या धावपळीत पायावरची सूज अंगावर काढली आणि क्रिएटिनिन तपासलं तेव्हा फार काही हातात राहिलं नव्हतं. मिरजेत डाव्या हाताला फिस्टुला केला, महात्मा फुले योजनेत नाव बसलं आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं. हे आता गावोगाव इतक्या घरांत आहे की सविस्तर सांगत बसत नाही.

बाहेरच्या माणसाला कळत नाही ती गोष्ट म्हणजे सुई. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी शिरेला जोडून ती शीर जाड करायची. 1966 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली, तिच्यावर आजही जगभरची माणसं जगतायत. त्या शिरेत दर वेळी दोन जाड सुया घालतात. एकीतून रक्त मशीनकडं जातं, दुसरीतून साफ होऊन परत येतं. आठवड्याला सहा सुया, म्हणजे वर्षाला 300 च्या वर. आणि ही शीर म्हणजेच माणसाचा जीव. ती बंद पडली की मानेत नळी, मग नवं ऑपरेशन, आणि नवी शीर तयार होईपर्यंत महिना-दोन महिने टांगणी.

त्या सेंटरला एक टेक्निशियन होता. पंचविशीतला पोरगा. आला की आधी फिस्टुल्यावर तीन बोटं ठेवून थरथर बघायचा, स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायचा. मागच्या वेळी कुठं टोचलं ते त्याच्या ध्यानात असायचं, आज त्याच्या बोटभर वर. आण्णांना तिसऱ्या तासाला पायात गोळे येतात हे त्यानं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच ओळखलं. त्याच्या थोडं आधी पाणी ओढण्याचा वेग तो कमी करायचा आणि डॉक्टरांना तसं सांगून ठेवायचा. वजन जास्त भरलं तर ओरडायचा नाही. ‘आण्णा, काल लग्नाला गेलावता काय?’ एवढंच विचारायचा. आण्णा हसून कबूल करायचे, दोन कप चहा आणि कोशिंबिरीचं पाणी. माझ्यापाशी त्यांनी हे कधीही कबूल केलं नसतं.

मग सेंटर चालवणारी एजन्सी बदलली. 2016 च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानंतर जिल्ह्याजिल्ह्यात मशीन आली, ही फार मोठी गोष्ट झाली. नाहीतर आमच्यासारख्यांनी बाग विकली असती. पण सरकारी असो की खाजगी, बऱ्याच ठिकाणी सेंटर एकाचं आणि चालवणारा दुसराच, करारावर. करार बदलला की माणसं बदलतात. या पोराला जुन्याच पगारात जादा शिफ्ट करायला सांगितलं, तो सोडून गेला. तो कुठं गेला हे विचारलं तर काउंटरवर उत्तर मिळालं, ‘स्टाफची माहिती देता येत नाही.’

त्याच्या जागी आलेल्या मुलाला मी दोष देत नाही. तो शिकाऊ होता आणि एका वेळी सहा मशीन बघत होता. थरथर न बघता त्यानं सुई घातली, ती शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून बाहेर गेली. मशीन सुरू झालं आणि हात फुगायला लागला. आण्णा ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणत होते तर ‘हलवू नका’ म्हणून सांगितलं. मी आत गेलो तेव्हा दंड टम्म सुजला होता. मग बर्फ, मग तिसरी सुई, मग चौथी. शेवटी दोन तासांत मशीन बंद करून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी कोपरापासून काखेपर्यंत हात काळानिळा.

चूक माणसाकडून होते, तेवढं मी गिळलं असतं. पण त्या दिवसाच्या शीटवर चार तास लिहिले होते. पाणी किती काढलं तेही पूर्ण लिहिलं होतं. दोन तास झालेल्या डायलिसिसला चार तासांची सही! हे दाखवलं तेव्हा मॅनेजर हाताबद्दलचं ते वाक्य बोलला, आणि वर म्हणाला, ‘योजनेतून फुकट होतंय ना तुमचं?’ माझ्या वडिलांच्या रक्तात राहिलेलं विष फुकटाचं म्हणून कमी विषारी होत नाही. योजना सरकारची आहे, पैसा लोकांचा आहे, आणि चार तासांचं बिल गेलं असेल तर तेही लोकांच्याच पैशातून गेलं.

आम्ही जागा बदलायची ठरवलं. दुसरं सेंटर ताजे रिपोर्ट बघितल्याशिवाय मशीनवर घेत नाही: एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, शिवाय मागच्या काही शीट आणि ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन. ते योग्यच आहे, कावीळ मशीनवरून पसरू शकते. पण जुन्या सेंटरनं कागद अडवले. आज साहेब नाहीत, उद्या झेरॉक्स बंद, परवा अर्ज इंग्रजीत द्या. रेकॉर्ड मागितल्यापासून 72 तासांत द्यावं, असं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत आहे. राज्यातल्या खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा नियम 2021 पासून आहे. हे दोन्ही अर्जात लिहिल्यावर तासाभरात कागद हातात आले. पेशंट असा धरून ठेवता येतो असं त्यांना वाटत होतं. तोवर त्यांचे निम्मे पेशंट त्या पोराच्या मागं जयसिंगपूरला गेले होते. त्याचा पत्ता वेटिंगच्या बाकावरच मिळाला, पेशंटांनी एकमेकांना दिलेला.

आम्हीही तिकडं गेलो. अंतर जास्त, एसी नाही, पण आण्णा निर्धास्त झोपायला लागले. पेशंट टिकतो तो सुई घालणाऱ्याच्या हातावर, इमारतीवर नाही, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगत होतो.

पुढं जे झालं त्यानं माझं हे मत डळमळलं. तो पोरगा बहिणीच्या लग्नासाठी रजेवर गेला. आण्णा तिथवर जाऊन परत फिरले. ‘त्यो आल्याशिवाय मी सुई घालून घेनार न्हाई.’ सिस्टरनी समजावलं, डॉक्टर स्वतः आले, मी हातापाया पडलो. ऐकलं नाही. दुसऱ्या रात्री छातीत पाणी भरलं, श्वास लागला, ऑक्सिजन लावून मिरजेला पळवलं. त्या रात्री मला त्या पोराचा राग आला, काही कारण नसताना. एका माणसावर एवढा जीव टाकणं हेही घातक आहे.

तो परत आला तेव्हा त्यानं आण्णांना कुरवाळलं नाही. दुसऱ्या टेक्निशियन मुलीला बोलावलं, तिचं बोट आण्णांच्या हातावर ठेवलं, थरथर दाखवली आणि तिच्याकडून सुई घालून घेतली. स्वतः शेजारी उभा राहिला. पुढच्या वेळी उभाही राहिला नाही. आता आण्णा दोघांकडूनही घालून घेतात. तरी तो रजेवर असला की घरी तोंड पाडून येतात, आणि मला वाटतं ते तसंच राहणार.

सेंटर चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की भिंतीच्या टाइल्स बदलण्याआधी या पोरांचा पगार बघा. एका टेक्निशियनला किती मशीन द्यायची त्याला मर्यादा ठेवा. आणि ज्यांच्या घरात कुणी डायलिसिसवर आहे त्यांनी दर वेळी निघताना शीट मागून मोबाईलवर फोटो काढावा, त्यावर लिहिलेले तास घड्याळाशी ताडून बघावेत. ड्राय वेट आणि रक्ताचे ताजे रिपोर्ट घरच्या फाइलमध्ये ठेवावेत. कागद आपल्याकडं असले की कुणी अडवू शकत नाही.