मी तर चहाची किटली!

संगणकावर लेख लिहावा असा माझा वकूब नाही. मी मराठी विषय घेऊन कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्या हाताला सवय आहे ती बॉलपेनची. पण गेली अडीच वर्षे मी वाकडला माझ्या मावसभावाकडे राहतो, आणि त्या दोन खोल्यांत माझ्याखेरीज जे तिघे राहतात ते तिघेही पोटासाठी वेबसाइटी बांधतात. एक माझा दादा. दुसरा त्याचा मित्र. तुम्हा-आम्हाला दिसतो तो भाग, म्हणजे बटणे, रंग, अक्षरे, तो रचतो. त्याला मी 'रंगमंचावरचा' म्हणतो. तिसरा पडद्यामागची यंत्रे, ज्यांना सर्व्हर म्हणतात ती, जागती ठेवतो, तो 'विंगेतला'. दादा दोन्हीकडे लुडबुड करतो. नाटकमंडळीत असतो ना एखादा, जो वेळ पडल्यास पेटीही वाजवतो आणि हवालदाराचे कामही करतो, तसा. या तिघांच्या संगतीत मला एक कळून चुकले, की या धंद्यातल्या माणसांचा विनोद हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि आमच्या कोणत्याही अभ्यासक्रमाने त्याची अद्याप दखल घेतलेली नाही.

आता हेच पाहा. आपण एखादे पान मागितले की सर्व्हर उत्तर देताना आधी तीन आकडी क्रमांक देतो. २०० म्हणजे सारे ठीक. ४०४ म्हणजे पान सापडत नाही. हा क्रमांक आता आजोबांच्या पिढीलाही ठाऊक झाला आहे. ५०० च्या घरातला आकडा आला तर चूक माझी आहे असे सर्व्हर स्वतःच सांगतो. (माणसांत ही ५०० ची प्रथा का नाही, हा दादाचा जुना सवाल आहे.) पण या मंडळींचा लाडका आकडा ४१८. १ एप्रिल १९९८ रोजी लॅरी मॅसिंटर या गृहस्थांनी इंटरनेटच्या नियमपत्रांच्या मालिकेत एक नियमपत्र प्रसिद्ध केले. विषय काय, तर इंटरनेटवरून कॉफीचे भांडे कसे चालवावे. भाषा थेट सरकारी परिपत्रकाची. त्यात एक कलम असे, की चहाच्या किटलीला कोणी कॉफी करावयास सांगितली तर किटलीने ४१८ हा क्रमांक परत करावा. त्याचा अर्थ, 'मी तर चहाची किटली आहे'. एप्रिलफूलची ही गंमत प्रोग्रॅमर मंडळींनी इतकी मनावर घेतली की खऱ्याखुऱ्या साधनांत ४१८ जाऊन बसला. २०१७ साली नियमांची देखरेख करणाऱ्यांतल्या एकाने तो काढून टाकण्याची सूचना केली, तेव्हा एका शाळकरी वयाच्या मुलाने 'किटली वाचवा' अशी मोहीमच उघडली. किटली वाचली. २०२२ च्या नियमपत्रात हा आकडा दुसऱ्या कामाला देऊ नये म्हणून राखून ठेवला आहे.

यात कॉफीच का, असे तुम्ही विचाराल. केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे एकच भांडे होते, आणि वरच्या मजल्यावरून जिने उतरून यावे तर ते रिकामे! म्हणून १९९१ साली तेथल्या विद्वानांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि जाग्यावर बसून कॉफी शिल्लक आहे की नाही ते पाहू लागले. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आले आणि जगभरचे लोक एका भांड्याकडे पाहत बसले. २००१ साली कॅमेरा बंद झाला आणि 'डेर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाने ते भांडे लिलावात ३,३५० पौंडांना घेतले. आमच्या इमारतीखालीच अमृततुल्य असल्यामुळे आमच्या तिघांच्या हातून असा शोध लागला नाही, एवढेच.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही हुरळून जावे असे या आकड्यांत काही आहे. सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने एखादे पान झाकावे लागले तर त्याला ४५१ हा क्रमांक देतात. रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१' या पुस्तके जाळणाऱ्या समाजावरच्या कादंबरीवरून तो घेतला आणि २०१६ च्या सुरुवातीला नियम म्हणून प्रसिद्ध झाला. कादंबरीचे नाव कायद्याच्या कलमाला मिळावे, असा मान आमच्या किती लेखकांना मिळाला आहे? उलट शुद्धलेखनाच्या तासाला ज्यांनी छड्या खाल्ल्या त्यांच्यासाठीही दिलासा आहे. तुम्ही कोणत्या पानावरून आलात ते सर्व्हरला सांगणारा 'रेफरर' नावाचा एक शब्द असतो. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगात दोन 'आर' हवेत तेथे नियम करताना एकच पडला. १९९६ च्या नियमपत्रात तो तसाच छापला गेला आणि आता साऱ्या जगाची यंत्रे तो चुकीचाच लिहितात. बरोबर लिहिला तर यंत्राला कळत नाही. हे मी आमच्या व्याकरणाच्या सरांना सांगितले. सर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

हत्यारांवरून तर या लोकांत जी भांडणे होतात ती ऐकताना मला १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांवरचे वाद आठवतात. कोडची ओळ आत सरकवावयाची ती टॅबचे बटण दाबून की चार वेळा मोकळी जागा सोडून? पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते. पण रंगमंचावरचा आणि विंगेतला या मुद्द्यावर एका रविवारी आमटी गार होईपर्यंत भांडले. विंगेतला 'विम' नावाच्या संपादकात लिहितो. त्यातून बाहेर कसे पडावे, हा प्रश्न एका प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. हे विंगेतला अभिमानाने सांगतो! चक्रव्यूहात शिरणे येते, बाहेर पडणे येत नाही, आणि तरी अभिमान. रंगमंचावरच्याचे सारे आयुष्य जावास्क्रिप्टवर. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत उभी केली, आणि नावातला 'जावा' केवळ बाजारात खपावे म्हणून जोडला. दोघींचा संबंध आंबा आणि अंबाडी यांच्याइतका. आज वेबचे पान म्हटले की ही दहा दिवसांची भाषा आलीच. "म्हणून तर ती कधी कधी सातव्या महिन्याच्या बाळासारखी वागते," असे दादा म्हणतो.

एकमेकांचे तुकडे उसने घेऊन काम करण्याची यांची रीत तर वाडा संस्कृतीचीच. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने नावाच्या वादावरून चिडून आपले सारे तुकडे सार्वजनिक कोठारातून उचलून नेले. त्यांत एक अकरा ओळींचा होता. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणे. त्या अकरा ओळींवाचून जगभर कामे अडली, आणि कोठारवाल्यांनी तासाभरात नव्हे तरी दोनेक तासांत तो तुकडा परत आणून ठेवला. शेजारणीने रागावून खलबत्ता परत नेला आणि लग्नघरचा स्वयंपाक थांबला, अशी ही गोष्ट.

इथवर सारे हसण्याजोगे. पण एका विनोदाशी माझे जमत नाही. एखादी गोष्ट बिघडली आणि तक्रार आली, की या मंडळींचे ठरलेले उत्तर असते, "माझ्या मशीनवर तर चालतंय." हे वाक्य छापलेला कप आमच्या स्वयंपाकघरात आहे. गेल्या वर्षी माझी आजी गावी रेशन दुकानात तीनदा गेली. अंगठा लावला की दुकानदार म्हणे, "सर्व्हर डाऊन आहे, आजी." सर्व्हर म्हणजे कोणी साहेब असावा आणि तो आजारी असावा अशी तिची समजूत, तिसऱ्या खेपेला तिने त्याच्या प्रकृतीची चौकशी केली. मी ही हकीकत सांगितली तेव्हा तिघे पोट धरून हसले. मी म्हणालो, "हसा. पण तिला तीनही वेळा दोन किलोमीटर चालत परत यावं लागलं."

विंगेतला थांबला. मग त्याने मला एका कागदावर चित्र काढून समजावले. यंत्रे घेताना रोजच्या सरासरी गर्दीचा हिशेब करतात, आणि माणसे येतात ती महिन्याच्या ठरावीक दिवसांत, अर्जाच्या शेवटच्या तारखेला, सकाळी दहा वाजता, सारी एकदम. दिवाळीच्या आदल्या दिवशी एस.टी. स्टँडवर जे होते तेच. जादा गाड्या सोडता येतात, पण त्यासाठी कोणीतरी आधी पैसे मंजूर केलेले असावे लागतात. "आणि दुसरं म्हणजे," तो म्हणाला, "बंद पडलं की मला रात्री तीनला फोन येतो. आजीला फोन नंबर कुणी दिलाय?" त्यानंतर त्याने कप फळीवर मागच्या बाजूला ठेवला. विनोद मात्र त्याने सोडलेला नाही, आणि सोडावा असे माझेही म्हणणे नाही. शुक्रवारी संध्याकाळी नवे काम चढवायचे नाही हा त्याचा नेम आजीच्या चातुर्मासापेक्षा कडक आहे.

नोकरीच्या बाबतीत त्यांचे विनोद अधिक कडवट. २०२० साली 'फास्टएपीआय' या साधनाच्या कर्त्याने, सेबास्टियन रामिरेझ यांनी, एक जाहिरात पाहिली. तिच्यात त्याच साधनाचा चार वर्षांचा अनुभव मागितला होता. साधन जन्माला येऊन दीडच वर्ष झाले होते. म्हणजे जन्मदात्यालाही ती नोकरी मिळाली नसती. आता तर यंत्रेच कोड लिहून देऊ लागली आहेत. माझ्या बाबांचे म्हणणे, बी.ए. झाल्यावर मी सहा महिन्यांचा वेबचा कोर्स करावा. रंगमंचावरचा म्हणतो, कोर्स नको, मराठीच नीट शीक, यंत्राला काय हवे ते नेमके सांगणारा माणूस लागेलच. विंगेतला म्हणतो, दोघांचेही ऐकू नकोस, तलाठ्याची परीक्षा दे. मी अद्याप काहीच ठरविलेले नाही.

२०२३ च्या डिसेंबरात दादाची नोकरी गेली. सहा वर्षे ज्या कंपनीत तो होता तिने पंधरा मिनिटांची व्हिडिओ बैठक घेतली आणि बैठक संपताच त्याचा लॅपटॉप आपोआप कुलूपबंद झाला. सोबत्यांना निरोपाचे दोन शब्द लिहिणेही राहून गेले. दादा बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाला, "मला ४१० मिळाला." ४०४ म्हणजे सापडत नाही, उद्या सापडेलही, ४१० म्हणजे गेले ते गेले, पुन्हा विचारू नये. विंगेतला म्हणाला, "४१० नव्हे रे, ३०२. तात्पुरतं स्थलांतर." त्यावर रंगमंचावरचा म्हणाला, "३०२ तर खरंच. पण आपल्या दंडविधानातलं." तेव्हा खुनाचे कलम तेच होते. तिघेही हसले. पुढे १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली आणि खुनाचे कलम १०३ झाले. वेबच्या भाषेत १०३ म्हणजे 'आगाऊ इशारा'. ते ऐकून दादा म्हणाला, "तेवढाच मिळाला नव्हता."

दोन महिने त्याने मावशीला काही सांगितले नाही. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो खिडकीपाशी अर्ज करीत बसे, आणि रात्री फोनवर तिला कामातल्या गमती सांगे. एके दिवशी मावशीचा मला फोन आला. "तुझा दादा बरा आहे ना रे? फार हसतोय हल्ली." मी म्हटले, "बरा आहे, मावशी." ती म्हणाली, "त्याला म्हणावं, इकडे भात झालाय यंदा चांगला. हवं तर ये चार दिवस." तो फोन ठेवल्यावर मी दादाला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि त्या रात्री तो एस.टी.ने गेला.

आता त्याला एका लहानशा कंपनीत काम आहे. पगार पूर्वीपेक्षा कमी. पण साहेब समोर बसतात आणि चुकले तर तोंडावर ओरडतात, हे त्याला बरे वाटते. तेथे टेबलाखाली एक जुने यंत्र दिवसरात्र घरघरत असते. जगातला पहिला वेब सर्व्हर जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावर होता, आणि हे यंत्र बंद करू नये अशी लाल शाईतली चिठ्ठी त्यांनी त्याला चिकटविली होती. दादाच्या टेबलाखालच्या यंत्रावरही चिठ्ठी आहे. ती अशी, 'झाडताना वायर ओढू नये'. त्यावर काय चालते हे कंपनीत कोणालाच ठाऊक नाही, आणि बंद करून पाहण्याची कोणाची छाती नाही. गेल्या खंडेनवमीला दादाने त्याला हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि साहेबांनी स्वतः पेढे वाटले.