घोंगडी, परात आणि मापटंभर तांदूळ

तर झालं असं, की पुढच्या महिन्यात तीन आठवडे ऑनसाईट जायचंय. न्यू जर्सी. ताई तिथेच असते, म्हणजे शनिवार-रविवारी मुक्काम तिच्याकडे. "काय आणू गं?" असं फोनवर विचारलं तर म्हणाली, "इकडे सगळं मिळतं रे. गावाकडचं काहीतरी आण." एवढं बोलून गप्प झाली. त्या गप्प होण्याचा अर्थ मला बरोबर कळतो.

आमचं गाव अकोले तालुक्यातलं. आजोबांचं घर तीन वर्षांपूर्वी विकलं. ताईला रजा मिळाली नाही, त्यामुळे आवराआवर माझ्याकडे आली आणि माझं डोकं तेव्हा एका रिलीजमध्ये अडकलेलं. आजोबांची काळी घोंगडी पुण्याला आणली खरी, पण फ्लॅटमध्ये तिचा वास येतो म्हणून माळ्यावर टाकली. पुढे एकदा दारावर भांडेवाली आली. माझ्या दोन जीन्स, काही जुने शर्ट आणि ती घोंगडी देऊन मी एक स्टीलची परात घेतली. वर ते ताईला हसत हसत सांगितलं. लहानपणी पावसाळ्यात आम्ही दोघं त्याच घोंगडीत गुरफटून आजोबांच्या गोष्टी ऐकायचो, हे मला ती रडायला लागल्यावर आठवलं. परात अजून घरात आहे. बायको रोज तिच्यात कणीक मळते.

असो. गेल्या शनिवारी गाडी काढली आणि आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदरा गाठलं. सप्टेंबर म्हणजे तिकडे स्वर्ग असतो. प्रवरेवरचं विल्सन धरण (१९२६ साली पूर्ण झालं, शंभरी आली की!) तुडुंब भरलेलं, रंधा धबधब्याचा आवाज लांबून ऐकू येणारा, आणि त्याच्याइतकाच मोठा आवाज गर्दीतल्या ब्लूटूथ स्पीकर्सचा. पण मी धबधबा बघायला गेलोच नव्हतो, मला घोंगडी हवी होती.

शेंडी गावात पर्यटकांसाठी दुकानं आहेत. 'भंडारदरा' छापलेल्या टोप्या, किचेन, लाकडी बैलगाड्या, शंखांचे पडदे. (सह्याद्रीच्या माथ्यावर शंख!) एका दुकानदाराला विचारलं, "यातलं इथलं काय आहे?" माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "नाव इथलं आहे साहेब. माल नाशिकहून येतो, नाशिकला कुठून येतो ते त्यांना माहीत." त्याच्याकडे एक घोंगडीही निघाली. मऊ, हलकी, अजिबात न टोचणारी, तिथेच मला शंका आली. दशीचा एक धागा तोडून त्याने स्वतःच काडी लावून दाखवली. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हा धागा मेणासारखा वितळला आणि त्याची टणक गोळी झाली. "पानिपतचा माल असेल," तो म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो.

रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळाबाहेर एक आजी तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांना विचारलं, इथे घोंगडी कोण विणतं?

"इथं कुठली घोंगडी, बाबा? इथं मेंढरू जगंल का? पाऊस बघतोस ना कसा मारतोय. मेंढरं तिकडं खाली, पारनेर-नगरच्या माळावर. आम्ही बाजारातून आणायचो."

खरंच की. घोंगडीसाठी दख्खनी मेंढ्यांची लोकर लागते, आणि त्या कोरड्या माळावरच्या. धनगर लोकर कातरतात, घरी सूत काततात, सनगर ते मागावर विणतात आणि वरून चिंचोक्याची खळ देतात. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक असते ती या खळीमुळे. यातलं काहीच आमच्या गावात होत नव्हतं. तिथूनच बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, दादांनी ती संगमनेरच्या बाजारातून घेतली होती. भाव करण्यात अर्धा दिवस घालवला होता." म्हणजे ज्या गोष्टीवरून बहीण-भावांत तीन वर्षं अबोल्यासारखं चाललंय, ती मुळात गावची नव्हतीच!

गावचं जे होतं ते आजींच्या पाटीत होतं. काळभात. टरफल काळं, आतला दाणा बारीक, पांढरा आणि सुवासिक. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असे गावठी वाण जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे तुम्ही पेपरात वाचलं असेलच. मी भाव विचारला. आजींनी मापट्याचा सांगितला.

"मापटं म्हणजे किती किलो?"

"मापटं म्हणजे मापटं."

एवढी साधी स्पेसिफिकेशन मला प्रोजेक्टवर कधी मिळाली नाही :) सवयीने मी वीस रुपये कमी करा म्हणालो. बायकोने मागून चिमटा काढला (आमच्या घाटातल्या एका कॉफीचे किती झाले होते, ते तिला पाठ होतं). आजींनी कमी काही केलं नाही, पण मापावर मूठभर तांदूळ जास्त घातला. मग मलाच लाज वाटली.

घरी येऊन बॅगेचं गणित मांडलं, तेव्हा कळलं की भारतातून प्रवाशाला अमेरिकेत तांदूळ नेता येत नाही. धान्यातल्या खपरा किडीच्या भीतीने तिथे बंदी आहे. थोडक्यात, जे गावचं ते नेता येत नाही आणि घोंगडी नेता येते, पण ती गावची नाही.

रविवारी त्यातला वाटीभर तांदूळ शिजवला. शिट्टी व्हायच्या आधीच घरभर वास सुटला. ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं: दुकानदार, काडी, आजी, बाबांचं संगमनेर. घोंगडीचं ऐकून ती आधी रागावली, मग बराच वेळ हसली. शेवटी म्हणाली, "पारनेरकडची खरी, टोचणारी मिळाली तर आण. नाही मिळाली तर राहू दे. आणि तो भात संपवू नकोस, डिसेंबरमध्ये मी येतेय. तिकीट बघते."

तांदूळ डब्यात भरून ठेवलाय, वर कडुलिंबाची पानं घातलीत. येत्या शनिवारी पारनेर.