अठरा किलोंचा फरक

८ जानेवारी
पहाटे साडेचार. ताक-तेल घालून मळलेली हौद्यातली माती पायाला गार लागली. जोर मारता मारता पोरानं सांगितलं, जत्रेत जोड लागलीय. हा ६२ किलोंचा, समोरचा ८०. "वस्ताद, त्यो लईच जड हाय." पोराचे वडील शब्द देऊन बसलेत. मला हे पटलेलं नाही. पण हातात तेरा दिवस आहेत.

१० जानेवारी
खडाखडीत तो रेटायला जातो. आज दीड तास एकच काम घेतलं. समोरच्यानं मानेवर हात टाकून दाबलं की दाबू द्यायचं. त्याचा भार चवड्यावर आला की त्याचं कोपर वर उचलून काखेखालून पार व्हायचं आणि मागून कंबर धरायची. बगलडूब. पोरगा घाईनं दोनदा कमरेतून वाकून शिरला आणि दोन्ही वेळा मानेवर भार आला. वाकायचं ते गुडघ्यात, नजर छातीवर. एकेरी पट मी मुद्दाम काढू दिला नाही. पट फसला की ८० किलो पाठीवर येतात.

१२ जानेवारी
पोराचा खांदा धरलाय. तेल चोळलं, मेहनत बंद.

१५ जानेवारी
खाशाबा जाधवांची जयंती, फोटोला हार घातला. गोळेश्वरचा १९२६ चा जन्म. पोरं म्हणतात, खाशाबांनी धिप्पाडांना लोळवलं. मी त्यांना बसवून सांगितलं: १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा नंबर आला तो ५२ किलोंत, १९५२ ला हेलसिंकीचं कांस्य मिळालं ते ५७ किलोंत. समोर त्यांच्याच तोलाचे मल्ल होते. वजनगट होता म्हणून त्यांची चपळाई जगाला दिसली.

१८ जानेवारी
आज गामा पैलवानाची गोष्ट. १९१०, लंडन. समोरचा मल्ल झिबिस्को त्याच्यापेक्षा बराच जड. गामानं त्याला लगेच खाली घेतलं, पण तो मॅटला चिकटून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ झटूनही गामाला त्याला चीत करता आलं नाही. आठवड्यानं पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही. मी पोराला म्हटलं, "पालथ्या पडलेल्या जड गड्याला ओढत बसू नगंस. त्यो उठायला हात टेकंल, तवर थांब."

२१ जानेवारी
जत्रेच्या मैदानात हलगी कडाडत होती. तिसऱ्याच मिनिटाला पोरगा खाली गेला, मान त्या गड्याच्या काखेत. माझा श्वास अडकला. पोरगा कसाबसा सुटला. चौदाव्या मिनिटाला समोरच्यानं मानेवर भार टाकला आणि हा काखेखालून निघाला. मागून कंबर धरून खाली घेतलं. गड्यानं उठायला हात टेकला, त्याच क्षणी घिस्सा. चीत! पोराला खांद्यावर घेऊन लोक नाचले. मीही रडलो.

२२ जानेवारी
पोराची मान डावीकडे वळत नाही. डॉक्टरांनी पट्टा दिलाय, तीन आठवडे माती बंद. डाव त्यानं माझ्या अपेक्षेपेक्षा चोख केला, तरीही ही जोड लावायला नको होती. जत्रा कमिट्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: मैदानात हलगीच्या शेजारी एक वजनकाटा ठेवा, आणि पोरांना त्यावर उभं केल्याशिवाय जोड लावू नका.