पुढे धावणारे घड्याळ

आमच्या मनगटावरील घड्याळ मूळचे आमच्या वडिलांचे. एचएमटीचे ‘जनता’, चावीचे. नोकरीत कायम झाल्यावर १९७१ साली त्यांनी ते घेतले आणि त्यांच्यामागे ते आमच्याकडे आले. सकाळी चहापूर्वी त्यास चावी देणे हा आमचा नित्यनेम आहे. नातवंडे हसतात, हसोत बापडी!

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही ते सफाईसाठी व तेल घालण्यासाठी आमच्या नेहमीच्या घड्याळजींकडे दिले. बेळगावच्या बाजारपेठेतील एका बोळात त्यांचे कपाटाएवढे दुकान आहे. सारा गाव त्यांना मामा म्हणतो. आमच्या वडिलांच्या हयातीपासून या घड्याळास दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. नाताळापर्यंत ते उत्तम चालले. नवे वर्ष उजाडले आणि ते एकाएकी पुढे धावू लागले. मिनिट-दोन मिनिटे नव्हे, दिवसाला चांगली वीस मिनिटे! एका रविवारी पहाटेच्या मिस्सेस म्हणून निघालो, ते देवळाचे दार उघडण्यापूर्वीच जाऊन उभे राहिलो.

येथे आमच्या मनात जो संशय शिरला त्याची आज लाज वाटते. एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. तेव्हापासून या घड्याळांच्या अस्सल सुट्या भागांना भाव आलेला. मामांनी आतली चांगली कमान काढून दुसरी बसविली असावी, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले. दुकानाच्या पायरीवरूनच आम्ही विचारले, “मामा, आतलं काय बदललंत?” बाकावर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. त्यांनी मान वर केली.

“द्या बघू, मास्तर,” एवढेच म्हणून मामांनी घड्याळ घेतले व भिंग डोळ्यास लावले. आम्हांस तेवढाही धीर निघाला नाही. “इतक्या वर्षांच्या विश्वासानं दिलं होतं,” असे मोठ्याने बोलून आम्ही घड्याळ त्यांच्या हातून परत घेतले आणि चालते झालो. दुसऱ्या एका चकचकीत दुकानात ते न उघडताच सांगण्यात आले की, कमान बदलावी लागेल, दोन हजार पडतील. आमचा संशय पक्का झाला. घड्याळ टेबलाच्या खणात गेले.

ते बाहेर काढले आमच्या नातीने. सातवीत आहे. शाळेसाठी आणलेले लहानसे होकायंत्र घेऊन घरातील प्रत्येक वस्तूजवळ धरीत फिरत होती. घड्याळाजवळ येताच सुई थरथरू लागली. “आजोबा, हे लोहचुंबक झालंय!” आम्ही मास्तरकीच्या थाटात म्हणालो की, आत पोलाद आहे, सुई ओढली जाणारच. त्यावर तिने घड्याळ हळूहळू फिरविले आणि सुईचे तेच टोक दूर ढकलले जाताना आम्हांस दाखविले. नुसते पोलाद असते तर ते टोक ओढलेच गेले असते. प्रतिकर्षण हीच चुंबकत्वाची खरी कसोटी. हे वाक्य आम्ही स्वतः वर्गात किती वर्षे फळ्यावर लिहिले असेल!

मग सारा उलगडा झाला. चावीच्या घड्याळात एक लहान चक्र झोके घेत असते आणि केसाएवढी बारीक, गुंडाळलेली कमान त्यास दर वेळी मागे खेचते. आमच्या घड्याळात असे ठोके सेकंदाला पाच पडतात. कमानीत चुंबकत्व शिरले की तिचे वेढे एकमेकांस चिकटतात. कमान जणू आखूड होते, झोके भरभर पडतात आणि काटे पुढे पळतात. वीस मिनिटे म्हणजे दिवसाला सहा हजार ठोके जास्त. सेलवरच्या घड्याळास ही बाधा टिकत नाही, चुंबकापासून दूर नेले की ते बहुधा पूर्ववत चालू लागते. चावीच्या घड्याळात मात्र ती घर करून राहते.

आणि हे चुंबकत्व आले कोठून? नाताळात मुलाने आम्हांस गाणी ऐकण्यासाठी एक छोटा स्पीकर दिला होता. रात्री घड्याळ काढून आम्ही त्यावरच ठेवीत होतो! स्पीकरच्या पोटात लोहचुंबक असतो हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. वीतभर दूर ठेवले असते तरी हा प्रसंग टळता, कारण अंतर वाढले की चुंबकाचा जोर फार झपाट्याने ओसरतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोळात गेलो. काय बोलावे हे वाटेत ठरविले होते, ते पायरीवर विसरलो. “मामा, चूक आमची होती. चुंबक लागला होता,” एवढेच तोंडातून आले. मामांनी घड्याळ घेतले, खणातून एक निळी पेटी काढली व तिची वायर जोडली. पेटीत तारेचे वेटोळे असते आणि घरातलीच वीज त्यातून सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट फिरते. घड्याळ पेटीवर धरून त्यांनी बटण दाबले आणि ते तसेच दाबून ठेवीत घड्याळ हळूहळू हातभर वर उचलले. मग बटण सोडले. मध्येच सोडले तर चुंबकत्व पुन्हा आत राहू शकते, असे ते म्हणाले. सारे मिळून अर्धे मिनिटही लागले नाही. नातीचे होकायंत्र आम्ही खिशात नेले होतेच. सुईची थरथर थांबली होती.

“तुम्हांला त्या दिवशीच कळलं होतं?” आम्ही विचारले.

“वेढे चिकटलेले दिसत होते. सांगणार होतो,” मामा म्हणाले, “पण तुम्ही घड्याळ हातातून घेतलंत.”

पैसे किती, असे विचारता त्यांनी मान हलविली. आम्ही आग्रह धरला, तेव्हा तीस रुपये घेतले. मग आम्ही बाकाकडे पाहून विचारले की, त्या दिवशी येथे बसलेले गृहस्थ कोण होते. त्यांच्यासमोर बोललो होतो, तेव्हा खरे काय ते त्यांनाही कळावयास हवे. मामांना नाव सांगता येईना. रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, महिन्यातून एखाद्या सोमवारी येतात, एवढेच त्यांना माहीत.

तेव्हापासून तीन सोमवार आम्ही त्या बाकावर बसून आलो. गृहस्थ अद्याप भेटलेले नाहीत. घड्याळ वेळेवर चालते आहे. रात्री ते आता स्पीकरवर नसते, खिडकीतल्या लाकडी फळीवर असते.