सत्तावीसचा क्रिस्टल

हरसूलला स्टँडजवळ माझी रेडिओ दुरुस्तीची टपरी आहे. पाटी अजून रेडिओचीच आहे, पण आता येतात ते मिक्सर, पंखे आणि चार्जर. मागच्या उन्हाळ्यात थोरल्या दादाचा मुलगा नाशिकहून आला आणि पिशवीतून एक लाल गाडी काढून त्याने माझ्यापुढे ठेवली.

"नाना, एवढी चालू करून द्या. पोरीला दाखवायचीय."

गाडी पाहून माझ्या पोटात गोळाच आला.

ही रिमोटची गाडी दादाने १९९८ साली मुंबईच्या मनीष मार्केटातून आणली. दादा तेव्हा गोदीत कामाला होता. बोनसमध्ये वहिनीला लुगडे घ्यायचे ठरले होते, ते राहिले आणि गाडी आली. सगळी वस्ती बघायला जमली होती. म्हातारी माणसे वायर कुठे लपवली ते शोधत होती.

चार महिन्यांनी गाडी बंद पडली. दादाने पोराला दोन मुस्काटात दिल्या. "बापाच्या घामाची वस्तू सांभाळता येत नाही?" पोरगा आठ वर्षांचा. मी तिथेच उभा होतो. रिमोट उघडून बघितल्यासारखे केले आणि म्हणालो, "दादा, याचा पार्ट मिळत नाही."

पार्ट मीच काढला होता. एका गिऱ्हाइकाच्या मुलाच्या गाडीचा रिमोट बिघडला होता, त्याला घाई होती आणि मला पन्नास रुपयांची गरज होती. दोन दिवसांत नाशिकहून नवा आणून बसवू, असे मनाशी म्हटले. ते दोन दिवस पंचवीस वर्षांहून लांबले.

वाचकांना सांगतो, हा पार्ट म्हणजे क्रिस्टल. चकचकीत पत्र्याची चिमुकली डबी, आत स्फटिकाचा काप. रिमोटच्या लहरी सेकंदाला किती वेळा थरथरतील ते तो ठरवतो. जुन्या खेळण्यांत बहुतेक २७ मेगाहर्ट्झचा पट्टा असे, आमच्या डबीवर २७.१४५ लिहिलेले होते. हल्लीची खेळणी २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून नवा रिमोट जुन्या गाडीशी बोलत नाही. जपानची तामिया कंपनी आपल्या १९८४ सालच्या ग्रासहॉपर गाडीचा संच २००५ साली पुन्हा बाजारात आणते, त्यामुळे तिच्या मालकांना सुटे भाग मिळतात. आमच्या गाडीला कंपनीचे नावच नव्हते. कोणाला मागणार?

बाकीचे जमले. सेल फुटून पत्तीवर हिरवे चढले होते, ते लिंबाने घासून काढले. रिमोटची एरियल मोडली होती, तिथे जुन्या ट्रान्झिस्टरची बसवली. मोटारीच्या दांड्यावरचे पांढरे दातेरी चाक तडकले होते. ही चाके तडकतातच, कारण दोन मिलिमीटरच्या दांड्यावर ती घट्ट ठोकलेली असतात. दाते मोजले तर आठ. भंगारातल्या एका खेळण्यात तसेच मिळाले, पण त्याचे दाते बारीक, मोठ्या चाकात बसेनात. दात्यांची संख्या जुळून भागत नाही, जाडीही जुळावी लागते. तिसऱ्या खेळण्यातले बसले.

क्रिस्टल मात्र नाशिकला मिळेना. महात्मा गांधी रोडवर पोरे हसली. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ साली महापालिकेने उठवला, नाहीतर तिथे काय मिळत नव्हते! शेवटी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड आणि तिथून लॅमिंग्टन रोड. चार दुकानांत नकार. पाचव्यातला म्हातारा म्हणाला, "१४५ नाही, १२० आहे. कार्ड वाचायच्या यंत्रात लागतो." भाव ऐकून मी खाली बसलो. दहा रुपये! जाण्यायेण्याचा आणि दुपारच्या राइस प्लेटचा खर्च धरायचा नाही असे ठरवले.

२७.१२० चालेल का, अशी धाकधूक होती. पण या स्वस्त गाड्यांच्या आत क्रिस्टल नसतो, एक गुंडाळी असते आणि तिचा कान जरा ढिला असतो. म्हणून तर पूर्वी एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी पळायची आणि पोरांची भांडणे लागायची. गाडी चार पावलांवरून ऐकू लागली. गुंडाळीचा गाभा प्लॅस्टिकच्या काडीने किंचित फिरवला, तेव्हा टपरीपासून रस्त्याच्या पलीकडे गेली.

पुतण्या न्यायला आला. पैसे काढू लागला तेव्हा मी त्याचा हात धरला आणि सगळे सांगितले. पन्नास रुपयेही सांगितले.

तो बराच वेळ काही बोलला नाही. पोरगी गाडी उलटी करून चाके बघत होती.

"मला वाटायचं, मीच पाण्यातून नेली म्हणून बिघडली," तो म्हणाला. मग म्हणाला, "अण्णांना सांगितलं का?"

नव्हते सांगितले. दादा आता ऐंशीला टेकलेला, ओट्यावर बसून असतो. संध्याकाळी आम्ही तिघे घरी गेलो. पोरीने गाडी अंगणात सोडली, ती दादाच्या काठीला जाऊन थडकली. मी ओट्यावर बसलो आणि म्हणालो, "दादा, या गाडीचं एक सांगायचं राहिलंय."