मंद बाटली

वाकोल्याच्या त्या घरावरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान जातं, पण मॅडमना आताशा ते ऐकू येत नाही. लक्ष असतं ते उजव्या अंगठ्याकडे. गेल्या पावसाळ्यापासून तो थरथरतो.

त्यांची ख्याती त्या अंगठ्याचीच होती. तीनशे अंशांवर तापलेल्या फ्लास्कमध्ये सेलेनियमचं द्रावण एका दमात गेलं, तरच कॅडमियम सेलेनाइडचे नॅनोकण एका मापाचे निपजतात. सिरिंजचा दट्ट्या अडखळला की लहानमोठ्यांची भेसळ. ही पद्धत बावेंडी यांच्या गटाची, 1993 ची. 2023 च्या नोबेलमध्ये त्यांचं नाव आलं तेव्हा मॅडमनी पेढे वाटले होते. आता सिरिंज एका विद्यार्थिनीच्या हाती आहे. तिच्या पहिल्याच बॅचचा वर्णपट मॅडमच्या कुठल्याही बॅचपेक्षा रेखीव निघाला. त्या रात्री हेव्याने झोप लागली नाही, हे त्या सरळ सांगतात.

पण त्यांना वर्षानुवर्षं छळलंय ते दुसऱ्याच कोड्याने. कणातला इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या वरच्या पायरीवर चढवला, तर तो खाली कसा उतरतो? दोन पायऱ्यांत अंतर अडीचशे-तीनशे मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टचं. स्फटिकाचं एक कंपन नेऊ शकतं जेमतेम 26. म्हणजे दहा-बारा कंपनं एकाच क्षणी जुळून यायला हवीत. ते घडणं दुरापास्त, म्हणून इलेक्ट्रॉन वरच अडकेल, असा हिशेब 1990 च्या सुमारास मांडला गेला.

तो अडकत नाही. पिकोसेकंदाच्या आत उतरतो.

1995 मध्ये एफ्रॉस आणि सहकाऱ्यांनी एक वाट दाखवली: इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा होलला, म्हणजे त्याच्या मागे उरलेल्या रिकाम्या जागेला, देतो, आणि होलच्या पायऱ्या इतक्या लगटून असतात की तो ती स्फटिकाला सहज देऊन टाकतो. मॅडमनी होलला बाजूला अडकवायच्या खटपटीत उमेदीची वर्षं घातली. तरी गळती थांबेना. दुसरी वाट कणाच्या अंगावरच होती. त्याला लपेटलेल्या तेलकट रेणूंची कंपनं त्याच ऊर्जेच्या आसपासची असतात. 2008 मध्ये शिकागोत अंशू पांडे आणि फिलिप गियो-सियोने यांनी या रेणूंपासून दूर ठेवणारं जाड कवच चढवून इलेक्ट्रॉन नॅनोसेकंदाहून जास्त काळ वर धरून ठेवला.

कवच मॅडमनीही चढवलं होतं. पातळ. थर वाढले की त्यांच्या कणांची चमक उतरायची, आणि यूव्ही दिव्याखाली लखलखणारी बाटली पाहुण्यांना दाखवण्याचा मोह त्यांना कधीच सुटला नाही. चमक येते ती इलेक्ट्रॉन तळाशी पोचल्यावर. उतरताना काय सांडलं, याचा तिच्यात मागमूस नसतो. हे त्यांना पाठ होतं, तरीही.

तयार कण विकत घेऊन नुसती मोजमापं छापणाऱ्यांवर त्यांचा राग आहे. उदाहरण त्या पुण्याचं देतात: 1995 मध्ये पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने मँगनीज मिसळलेले झिंक सल्फाइडचे कण जलीय पद्धतीने घडवले. ऊर्जा मँगनीजकडे जाते आणि नारिंगी उजेड पडतो. कण स्वतः घडवणाऱ्यालाच ऊर्जा कुठे जाते हे विचारायची खुमखुमी असते, असं त्या ठासून म्हणतात.

परवा सातव्या थराला चमक मंदावली. त्यांचा हात सवयीने हीटरच्या बटणाकडे गेला.

“मॅडम, अजून चार थर चढवू का?”

त्यांनी हात मागे घेतला. सिरिंज पंपातून थेंब पडत राहिले, फ्लास्कमधला लाल रंग गडद होत गेला. सोमवारी ती मंद बाटली लेझरखाली जायची आहे.