जुन्या डायची नाडीपरीक्षा

रायफलची गोळी सुटली की काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. अमेरिकेतला हौशी नेमबाज ती फेकत नाही. पोलादी डायमध्ये दाबून मापात आणतो आणि पुन्हा भरतो. (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना काडतूस बनवणे गुन्हा आहे, तेव्हा कुणी हात शिवशिवू देऊ नयेत!) पैसे वाचवायला तो डायही जुनीच घेतो आणि डोकेदुखी सुरू होते.

पुंगळीवर उभे ओरखडे उठले, तर बहुधा डायच्या पोटात पितळेचे कण चिकटलेले असतात. खोलून धुतली, घासूनपुसून घेतली की भागते. गंजाने खड्डे पाडले असतील तर मात्र ती भंगारातच. वंगण कमी पडले तर पुंगळी आत अडकून बसते, जास्त झाले तर खांद्यावर पोचे येतात. म्हणून जाणकार आधी वंगणाची डबी बघतो, डायला शिव्या नंतर.

खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. डायवरची चकती आधीच्या मालकाने त्याच्या रायफलसाठी आवळलेली असते. ती तशीच ठेवली आणि पुंगळीचा खांदा इंचाच्या काही हजारांश भागाने जास्त मागे गेला, तर गोळी सुटताना पुंगळी बुडाशी ताणते. दोन-चार वेळा निभावते. मग एक दिवस ती रायफलमध्येच फाटते, आणि तप्त वायू उलटा डोळ्यांकडे येऊ शकतो. जुनी डाय घरी आली की आधी चकती सैल करायची, आपल्याच रायफलमधून निघालेल्या पुंगळीवरून माप नव्याने बसवायचे.